अडतीस पाठी

हिडकलच्या पाण्यावर रविवारी एक लाँच सुटते,
माणशी दीडशे,
हे वैजूला कळलं तेव्हा
आमच्या लग्नाला चौथा महिना लागला होता.
वडगावचं घर दोन खोल्यांचं:
एकीत माग, दुसरीत सात माणसं,
त्यातले दोन आम्ही.
रात्री माग थांबला की
कुठला श्वास कुणाचा, ते नेमकं कळायचं.
कुजबुजणंही सोडलं होतं आम्ही,
खुणांवर आलो होतो.

मला चारी बाजूंनी पाणी हवं होतं
आणि मधे फक्त वैजू.

फळीवर पाय ठेवला
आणि समोर अडतीस म्हातारी माणसं.
फेब्रुवारीच्या उन्हात कानटोप्या,
कुंद्याचे डबे,
सोम मंगळ बुध लिहिलेल्या गोळ्यांच्या डब्या,
एक घडीची खुर्ची, तिच्यावरून चाललेलं भांडण.
"ज्येष्ठ नागरिक संघाची ट्रिप हाय,"
तिकीटवाला म्हणाला,
"खरं दोन जागा हाईत बघा."

आम्ही मागच्या बाकावर अंग चोरून बसलो.
लाँच सुटायच्या आत त्यांना कळलं होतं
माझं माहेर नंदगड,
वैजूचा पगार,
आणि अजून काही नाही, हेसुद्धा.

कल्लाप्पा मास्तरांनी तंबोला काढला.
आकडा एकदा मराठीत, एकदा कानडीत,
बहात्तर, एप्पत्तेरडु,
तरी मधल्या रांगेतून कुणीतरी विचारायचंच,
"काय म्हटलासा?"
पहिली लाइन आमची आली.
बक्षीस: गरम पाण्याची पिशवी, लाल रबराची.
टाळ्या इतक्या वाजल्या
की पाण्यावरचे बगळे उठले.

माझ्या शेजारी हुंदरे आजी.
त्यांचे यजमान उकडलेल्या शेंगा सोलत होते,
दाणे तिच्या ओंजळीत, टरफलं स्वतःच्या खिशात.
तासभर एक शब्द नाही.
मी बघतेय हे बघून आजी माझ्या कानाशी आल्या:
"आमच्यात बारा माणसं होती गं एका सोप्यात.
आमी थेट्रात जात होतो. दुपारच्या खेळाला.
लोक म्हणायचे, काय शिनेमाचं वेड!
शिनेमा कुणी बघितलाय?
खांद्यावर डोकं ठेवून झोपायचो, दोघंबी,
उठवायला डोअरकीपर यायचा."

त्या एवढंच बोलल्या,
मग उठल्या
आणि पुढच्या बाकावर कुणाच्या तरी कानाशी लागल्या.
तिथून ते पुढं गेलं, बाकाबाकावरून,
ऐकायचं यंत्र असलेल्यांपाशी जरा मोठ्यानं,
त्यामुळं आम्हालाही ऐकू आलं.

मग सगळे उठले.
कुणी म्हणे ऊन लागतंय, कुणी म्हणे पुढं वारा बरा,
गुडघे धरत, दांडीला धरत,
अडतीसच्या अडतीस नाकाडाकडे.
मागं आम्ही दोघं, पिशवी,
आणि रिकामे बाक.

लाँचनं नाक खाली घातलं.
"ए अज्जार! हिंदक बर्री!" नावाडी ओरडला,
"बुडवतासा काय सगळ्यांस्नी?"

आले परत, ओशाळून,
शाळेत पकडलेल्या पोरांसारखे.
मास्तर क्षणभर उभे राहिले,
मग जणू वर्गाला सांगावं तसं म्हणाले,
"तिकडं तोंड करून बसा. तिकडं धरण दिसतंय."

धरण दुसऱ्या बाजूला होतं.
तरी ते बसले,
आमच्याकडे पाठ करून, अडतीस जण.
कोपरावर रफू केलेला एक स्वेटर,
एका पाठीवर पोक,
एकीच्या पोलक्याचं शेवटचं बटण उलट्या काजात.
हुंदरे आजोबांची मान तेवढी वळायला लागली
आणि आजीनं न बघता त्यांचा कान धरला.

आम्ही काही केलं नाही.
वैजूनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं,
मागाच्या सुताचा वास त्याच्या केसांत,
आणि खरं सांगायचं तर
झोपच लागली आम्हाला, दोघांनाही.

काठ आला तेव्हा उठवायला नावाडी आला.