बॅच नंबर पाच

कोपरखैरण्याला, आमच्या सोसायटीच्या गणपतीत
लकी ड्रॉमध्ये मला ओव्हन लागला.
कुकर लागला असता तर
हे काहीच घडलं नसतं.

एकतीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत
रिअ‍ॅक्टर सांभाळला मी.
दीडशे अंशांवरचा दोन टन माल
माझ्या सहीशिवाय खाली उतरत नसे.
अर्धा किलो मैदा म्हणजे काय!
वही काढली, जुन्या सवयीने समास आखला.

बॅच नंबर एक: यीस्ट मेलेलं.
पाकिटावरची तारीख चष्मा लावल्यावर दिसली,
तोवर आत वीट भाजून झाली होती.
शालन म्हणाली, राहू दे, दाराला लागेल.
अजून लागते.
खाडीकडून वारा सुटला की बाल्कनीचं दार
तिच्यावर आपटतं आणि गप्प बसतं.

बॅच नंबर दोन: मे महिना. पीठ फार खुशीत.
माझा जरा डोळा लागला,
ते पातेल्याबाहेर आलं, फ्रिजवरून ओघळलं,
स्टॅबिलायझरच्या जाळीतून आत शिरलं.
काका, ह्याच्यात नक्की काय सांडलंय,
मेकॅनिक दोनदा विचारत होता.
मी पंख्याकडे बघत बसलो.

बॅच नंबर तीन: महावितरण.
एवढाच शेरा.

चौथ्या वेळी पाव फुगला.
गुडघे कुरकुरत असताना आम्ही दोघं
फरशीवर बसून काचेतून बघत होतो.
वास जिन्याने खालपर्यंत गेला,
तांडेल वहिनी बशी घेऊनच वर आल्या.
पहिला घास.
कुणी काही बोलेना.

मीठ मी घातलं होतं.
मीठ शालननेही घातलं होतं,
मला न विचारता,
मी विसरणारच असं धरून,
जसा ती रोज रात्री
मी बंद केलेला गॅस पुन्हा एकदा बंद करते.

वहिनी दोन पेले पाणी पिऊन गेल्या.
पाव गच्चीच्या कठड्यावर ठेवला.
कावळे आले, टाकीवर बसले,
माना तिरक्या करून बघत राहिले,
शिवेनात.
दहा मिनिटं. वीस.

शालन हळूच म्हणाली,
त्याची काहीतरी इच्छा राहिली असेल.

मी हसलो, आणि मधेच थांबलो.
दादाच्या दहाव्याला असेच उभे होतो,
ऊन चढत होतं, एकेक जण पुढे होऊन
काहीबाही कबूल करत होता,
आणि भटजी घड्याळ बघत होते.
शेवटी कशावर शिवला ते कळलंच नाही.

मग मीही हात जोडले.
म्हटलं, पुढच्या वेळी मीठ घातलं की मोठ्याने सांगेन.
ती म्हणाली, मी आधी विचारेन.
जरा थांबून म्हणाली, बहुतेक.

कावळा त्या ‘बहुतेक’वरच अडला असावा.

सकाळी सहाला इर्शादची सायकल भोंगा वाजवत आली.
शालनने खिडकीतून दोरीची पिशवी सोडली.
अंकल, आज छुट्टी? त्याने खालून विचारलं.
पिशवीत लादी गरम, हलकी,
एकमेकांना चिकटलेले सहा पाव.
मी त्यातला एक सुटा करून
बराच वेळ उजेडात धरून बघितला.

बॅच नंबर पाच.
सहा वाजून चाळीस मिनिटं. पाणी कोमट.
मिठापुढे दोन सह्यांची जागा आखली आहे.
माझी झाली.
तिची राहिली आहे,
तिचे हात पिठात आहेत.