दुसऱ्याच्या हातून

रात्रीचे साडेदहा. उद्यमबाग.
खालच्या मजल्यावर भट्टी निवत आलेली,
जळक्या वाळूचा वास जिना चढून
थेट माझ्या कीबोर्डपर्यंत.
माझं प्लगिन तिसऱ्यांदा पडलंय.

काम तसं साधं.
बिल्ड चालू असताना मधेच थांबून
दुसऱ्या एका प्लगिनला हाक मारायची:
एवढी पाकिटं फोडून दे रे,
मग पुढचं माझं मी बघते.

आधी मी त्याचा कोडच उचलून आणला होता.
चारशे ओळी, माझ्या फायलीत, माझ्या नावाखाली.
दोन महिने चालल्या.
मग तिकडे दुरुस्ती झाली
आणि इकडे मी जुनंच कुरवाळत बसले.
बसवंत हसला. "उसनं पीठ आणलीस,
आता किडे पण तुझेच."

म्हणून हाक. पण हाकेलाही रीत असते.
कुणाच्या घरातला, नाव काय,
कितवी आवृत्ती,
काम कोणतं, कुठल्या अटींवर.
हे सगळं लिहिलं.
तरी पडलं.

खानापूरच्या कचेरीसमोर चिंचेखाली
इराप्पा तल्लूर बसायचा,
मांडीवर फळी, फळीवर कार्बन.
बाबा मराठीत सांगायचे,
ते त्याच्या कानातून आत जायचं
आणि बोटांतून गोल गोल कन्नड होऊन उतरायचं.
मग तो वाचून दाखवायचा.
बाबा मान हलवायचे:
कानाला कळायचं सगळं,
डोळ्याला एक अक्षर नाही.
खाली सही मात्र बाबांची,
मोनाप्पा, मराठीत, प चा पाय लांबवून.

गावाकडून निघतानाच ठरलेलं असायचं,
इराप्पा म्हणजे म्हातारा. पोरगा नव्हे.
पोरगा वीरेश कॉम्प्युटर घेऊन बसायला लागला होता,
भरभर करायचा,
पण त्यानं एकदा आमच्या उताऱ्यावर
मोनाप्पाचा मानप्पा केला
आणि तो परत मोनाप्पा व्हायला
दोन पावसाळे गेले.
तेव्हापासून मी आवृत्तीचा आकडा
कधी मोकळा सोडत नाही.

तर एकदा म्हाताऱ्याच्याच हातचा अर्ज परत आला.
सगळं होतं त्यात:
गाव, सर्व्हे नंबर, हरकत, विनंती.
पोटहिस्सा नव्हता.
बाबा तणतणत चिंचेखाली गेले.
इराप्पानं चष्मा कपाळावर ढकलला,
"नीवु हेळलिल्ल री."
सांगितलंच नाही तुम्ही.
रागानं नाही. नुसतं,
पाटीवर लिहिल्यासारखं.

मी पुन्हा पडद्याकडे बघते.
लाल ओळ. नल.
तेच म्हणतेय ती, चष्म्याशिवाय.

मी त्याला काम सांगितलं होतं,
पण मी कुठे उभी आहे ते सांगितलं नव्हतं.
हा प्रकल्प, हे चालू सेशन,
ही माझ्या पायाखालची जमीन
त्याच्या हाती दिलीच नव्हती.
तो आला होता बिचारा, वेळेवर आला होता,
पण कोऱ्या खोलीत येऊन
कुणी काय फोडायचं?

दोन ओळी. माझंच सगळं
कंसातून त्याच्याकडे सरकवलं.
जरा जिवावर आलं, खरं सांगते.
घराची किल्ली देताना येतं तसं.

अकरा वाजून सात मिनिटं.
लॉग खाली धावतो,
माझ्या नावाच्या पोटात त्याचं नाव दिसतं,
क्षणभर, मग पुन्हा माझं.
हिरवं.

फोन वाजतो. बाबा अजून जागे.
"झालं काय गं काम?"
झालं. मी नाही केलं पण,
दुसऱ्याकडून करून घेतलं.
पलीकडे थोडा वेळ नुसती रातकिड्यांची किरकिर.
"आणि सही?"
माझी.
"मग वाचून घेतलीस न्हवं?"

मी लॉग परत वर नेते.
पहिल्या ओळीपासून.