समासातलं भांडण

कॅर्डलाच्या वाचनालयात त्या कादंबरीची एकच प्रत,
बेटावर माझा नंबर सातवा.

पान एक्केचाळीस. समासात माइमूची शिसपेन्सिल:
‘अशी बाई अशी रडणार नाही.’
खाली एंडेल, फेरीबोटीवरचा मेकॅनिक,
ग्रीसच्या अंगठ्यासकट:
‘माझी रडली होती.’

शंभराच्या पुढे कुणी तरी गेलंच नाही;
तिथं शेपूची वाळकी काडी, अजून वास धरून.
उर्वे शेवटचं पान आधी वाचते
आणि तिथंच निकाल देऊन मोकळी होते:
‘फुकट गेला हिवाळा.’

ग्रंथपाल लेइडा, नियमाची पक्की,
परत आलेलं प्रत्येक पुस्तक खोडरबराने धुऊन काढते.
हे घेऊन बसली, एक्केचाळीसवर अडली:
एंडेलखाली पुन्हा माइमूच,
या वेळी अक्षर बारीक,
‘मग मी चुकले.’

लेइडाने पान उलटलं.
उर्वेचा निकाल तेवढा खोडला.
तिला तो पटला नव्हता.