डिफेक्ट शीट

रात्री अकरानंतर गाड्या वडाळा डेपोत परततात
आणि ड्रायव्हर माझ्या टेबलावर कागद टाकून जातात.
डावा वायपर अडकतो. ब्रेक हलका.
तिसऱ्या गिअरला घरघर.
बावीस वर्षं हे अक्षर वाचतोय,
घाईचं, तेलकट अंगठा उमटलेलं.
कागद न वाचता एकही गाडी मी सकाळी सोडलेली नाही.

पहाटे साडेचारला घरी. अँटॉप हिल, तिसरा मजला.
समिधाच्या पांघरुणाखाली निळा उजेड.
मला वाटायचं, पोरगी अभ्यास करते,
दहावीचं वर्ष.
चपला हातात घेऊन मोरीकडे जायचो,
मनात जरा अभिमानच.

डबा तसाच परत यायचा,
पोळीला पोळी चिकटलेली, भेंडी चिकट.
आई म्हणायची, नखरे.
कबड्डीचे बूट खिडकीत वाळत ठेवलेले,
गणपती गेले, दिवाळी गेली, ते तिथेच.
एका बुटात कबुतराने काडी आणून ठेवली.
रविवारी दुपारी दोनपर्यंत झोप,
इतर दिवशी झोपच नाही.
चहात बिस्कीट बुडवायची
आणि ते तुटून तळाशी जाईपर्यंत बघत बसायची.
शेवटची हसली कधी?
सांगता येत नाही. मोजलं नव्हतं.

जानेवारीत शाळेने सगळ्या वर्गाकडून फॉर्म भरून घेतला.
पिंटो मॅडमनी मला बोलावलं,
म्हणाल्या, तिला विचारूनच दाखवतेय,
आणि कागद माझ्याकडे फिरवला.
किती तास झोपतेस: तीन, कधी चार.
सकाळी खातेस का: नाही.
खेळतेस का: आधी खेळायचे.
शेवटच्या प्रश्नासमोर खूण होती,
पेन इतकं दाबून केलेली
की कागदाच्या पाठीवर बोटाला लागली.

म्हटलं, मॅडम, मोबाईलमुळे ना? आजच काढून घेतो.
त्या म्हणाल्या, थांबा.
झोप गेली म्हणून मन खचलं
की मन खचलं म्हणून झोप गेली,
कुणी छातीठोक सांगू शकत नाही.
रात्री जागणारं प्रत्येक पोर इथवर येत नाही.
बदललं काय, ते बघा.
आणि तिला विचारा. सरळ.
विचारल्याने असलं काही डोक्यात शिरत नाही,
शिरलेलं बोलायला वाट मिळते.

पूर्ण फॉर्म मला न विचारता भरता आला असता,
हे मला जिन्यात कळलं.

रात्रपाळीला दांडी मारली.
ती गॅलरीत कपडे काढत होती, मी चिमटे धरले.
समे, मरावंसं वाटतं का गं तुला?
चार चिमटे तिने एकामागून एक माझ्या हातात ठेवले.
म्हणाली, रोज नाही.

त्या 'रोज नाही'ला धरून
गुरुवारी आम्ही शीव हॉस्पिटलला गेलो.
केसपेपर, रांग, लाकडी बाक.
डॉक्टर अगदी पोरगेलीशी. तिच्याशी पाऊण तास बोलली.
बाहेर मी भिंतीवरची एकच सूचना वाचत राहिलो,
काय लिहिलं होतं, आठवत नाही.

आता चपला हातात घेत नाही. आवाज करत येतो.
उजेड असला तर दार वाजवतो.
पोहे भिजवतो, कांदा ती चिरते.
कधी खाते, कधी नुसती चिवडते.
रात्री तिघांचे मोबाईल फ्रिजवर,
सगळ्यात जास्त चुळबूळ माझीच होते.
दिवसपाळीचा अर्ज दिलाय, उत्तर नाही.
शुक्रवारी खिडकीत बूट दिसले नाहीत.
छातीत धस्स झालं, मग आनंदही झाला.
आईने धुवायला काढले होते.
कबुतराची काडी मात्र जपून कठड्यावर ठेवलेली.
कुणी, ते मी विचारलं नाही.

काल पोह्यांवर लिंबू पिळताना तीच म्हणाली,
बाबा, तुम्ही किती तास झोपता?
मी बोटं मोजायला लागलो, चुकलो, परत मोजली.
उद्या सांगतो, म्हटलं.
उद्या नक्की, ती म्हणाली.