निरंक

ऑक्टोबरात तहसील कचेरीच्या आवारात
माझ्या टपरीचा पत्रा दुपारी वाजायला लागतो.
प्रिंटर दर दहा पानांनी थांबतो, मीही थांबतो.
अमळनेरात उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो,
त्याचं शपथपत्र माझ्याच बोटांतून जातं.

सुपडू उखा बाविस्कर. चौथ्यांदा.
शंभराचा स्टँप, तीन फोटो,
आणि मागच्या वेळची झेरॉक्स, घामानं मऊ झालेली.
‘‘नाव तेच शे,’’ म्हणाला. ‘‘वय तेवढं बदल.’’

शिक्षण : चौथी पास.
व्यवसाय : मापाडी, बाजार समिती.
परवाना रद्द.
कारण लिहायला जागा नाही, म्हणून इथे लिहितो :
काट्यावर जे दिसलं तेच तो ओरडायचा.
क्विंटलमागे दोन किलो कट्टी
त्याच्या गळ्यातून निघत नव्हती,
आणि एक दिवस भर हंगामात
बारा गाड्या कापूस उभा राहिला
या माणसाच्या आवाजामुळे.

गुन्हे : एक. रास्ता रोको.
बोरीच्या फरशीवर पाणी चढलं की
पलीकडच्या पोरींची शाळा बुडते, म्हणून.
फिर्यादीत ‘जमाव’ असं लिहिलंय.
तो एकटाच होता.
मागे एक म्हैस होती, ती आपणहून थांबलेली.

स्थावर : निरंक. वाहन : निरंक.
ठेवी, रोखे, विमा :
निरंक, निरंक, मी कॉपी करून चिकटवत गेलो.
पत्नीच्या रकान्याशी आलो तर त्यानं हात धरला.
‘‘थांब. तिनी पोत शे.’’
कुठे आहे?
‘‘गहाण. अनामत भराले.
पन शे ना? जे शे ते लिख.’’

सकाळी आमदारांचं केलं होतं, बेचाळीस पानं.
तिथंही एका रकान्यात निरंक होतं.
गुन्ह्यांच्या.

त्याला दर वेळी तराजू हवा असतो.
तराजू यादीत नाही.
पहिल्यांदा शिट्टी मिळाली : मतं चारशे बारा.
मग कपबशी : तीनशे नव्वद.
मग शिवणयंत्र,
तेव्हा अकराशेच्या वर गेला, आणि लोक म्हणाले,
बायकांना वाटलं मशीन वाटणार.
तीनही वेळा अनामत जप्त.
प्रचाराला सायकल, सायकलला भोंगा,
भोंग्याची बॅटरी सभेआधीच बसलेली,
पण त्याला भोंगा कशाला लागतो?

मुद्द्यांचा रकाना शपथपत्रात नसतो.
ते त्यानं पत्रकावर छापलेत, पिवळ्या कागदावर :
काटा शेतकऱ्याच्या तोंडासमोर. फरशीच्या जागी पूल.
संध्याकाळची पाच-दहाची गाडी फाट्यावर थांबावी.
एवढंच. खाली
मुद्रकाचं नाव, प्रती पाचशे.
‘‘तेव्हडाज परवडनात,’’ म्हणाला.

मग उठता उठता, दर वेळी विचारतो ते विचारलं.
पिशवीतून बूथवार आकड्यांचा कागद काढला,
बोट ठेवलं पिंपळी खुर्दवर.
शिट्टीला एक. कपबशीला एक.
शिवणयंत्राला एक.
‘‘तठे मना नात्याना नही, गोत्याना नही.
तू त्याच गावना.
ते एक मत कोनं रे भाऊ?’’

मी म्हणालो, गुप्त असतं ते.
‘‘माले माहीत शे गुप्त ऱ्हास.
आभार मानना व्हता, बस.’’
साठ रुपये झाले होते. त्यानं सत्तर दिले,
मी दहा परत केले, साठ घेतले.
साठ घ्यायला नको होते कदाचित.

त्या बूथवर माझं नाव आहे.
तीनही वेळा मी दिलं नाही.
ज्याचं शपथपत्र मी टाईप करतो
त्याला मी ओळखतो, असं वाटून दिलं नाही,
आणि ज्याला दिलं त्याचंही टाईप मीच केलं होतं.

घरी ती भाकरी थापत होती.
सहज म्हटलं, बाविस्कर परत उभा राहतोय.
तिनं भाकरी उलटली, कड दाबली,
तव्याकडे बघतच विचारलं :
‘‘आवंदा चिन्ह काय?’’