एकतिसावा माणूस

कल्पना फळ्यावर छान दिसते, कल्यस्कान बाई म्हणाल्या,
आता ती बाजारात नेऊन दाखवा.
पन्नास जणांना विचारा. आईला विचारायचं नाही.

नारिनमध्ये उणे अठरा.
मी नि आयझिरेक, पिशवीत जाड्याभरड्या लोकरीचे चौकोन.
जी लोकर कातरून लोक नाल्यात फेकतात
तिचा भिंतीत घालायचा थर.
हिशेब चोख होता. नफ्याची रेघ तर
कागदाबाहेर पडायला निघालेली.

पहिला म्हणाला, कसर लागेल.
सातवी म्हणाली, वास येतो.
बाराव्याने चहा पाजला, उत्तर दिलं नाही.
विसाव्यापासून आयझिरेकने ‘नवउद्योग’ हा शब्दच गाळला,
नुसतं विचारायची: थंडीत तुमचं काय अडतं?

एकतिसावा, मधवाला जुमादिल,
चौकोन बराच वेळ बोटांनी दाबत राहिला.
भिंत राहू दे, म्हणाला.
माझ्या माश्या थंडीने मरत नाहीत गं,
झाकणाखाली ओल धरते, तिने मरतात.
हे ओल पितं का?

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
पस्तीस पानी आराखड्यात
हा प्रश्न कुठेच नव्हता.

त्याने पेटीचं माप दिलं, वितीत.
पेनातली शाई गोठलेली,
मी ते तोंडात धरून ऊब दिली, मग लिहिलं.
पैसे वसंतात, माश्या जगल्या तर.

उरलेल्या एकोणीस जणांना
अजून विचारलेलं नाही.
बाई गुण कापतील. कापू देत.
वसतिगृहाच्या न्हाणीघरात
बादलीतल्या वाफेवर एक चौकोन टांगलाय,
आणि आयझिरेक दर तासाला उठून
तो तोलते.