शेवटचा ड्रिपर

फैजपूरच्या केळीत मी नळ्या अंथरतो.
बोअरचं पाणी जड,
दोन वर्षांत ड्रिपर आतून पांढरे पडतात.
पान पिवळं होईस्तोवर कळत नाही.
मग ॲसिड सोडायचं, टोकाची टोपी काढून
गढूळ वाहू द्यायचं.

डॉक्टरला हे सांगितलं.
पडद्यावर बोट फिरवत तो म्हणाला,
असंच आहे भरंबे, पण एका जागी नाही,
लांबीभर.
आणि इथं ॲसिड नाही.
दोन जाळ्या बसवल्या. उरलेल्या बारीक वाटांसाठी
गोळी बदलली.

"छातीत दुखलं नही का?" प्रमिला.
दुखणार कसं?
सात वर्षांपूर्वी रक्ताच्या वाटा जोडल्या,
दुखण्याच्या तारा तुटल्या त्या तुटल्याच.
कुणाचं आहे, सांगत नाहीत.
पाहुण्यासारखं गप्प राहतं,
आणि माझंच रक्त
फाटकातल्या कुत्र्यागत अजून त्याच्यावर गुरगुरतं.

रात्री दीडला लाईट येते. मोटर लावून
ओळीच्या टोकापर्यंत जातो,
शेवटच्या झाडाखाली तळहात धरतो.
थेंब.
बराच वेळ नाही.
थेंब.

हे काळीज उशिरा धावायला लागतं, थांबतंही उशिरा.
मी बांधावर बसलो तरी
ते अजून थोडं पुढं चालत असतं.